कलम नऊ

वाशीची आमची बिल्डिंग पाडायला निघाली
तेव्हा आधी चित्रं उतरली, मग पंखे.
भिंतींवर राहिले त्यांच्या मापाचे चौकोन,
पहिल्या रंगाचे, अजून ताजे,
एकोणतीस वर्षं उन्हापासून झाकलेले.
तेवढे मात्र टेम्पोत चढवता आले नाहीत.

आता कोपरखैरणे. भाड्याचं. अकरा महिने.
कलम आठ: पाण्याचं बिल भाडेकरूकडे.
कलम नऊ: भिंतींस खिळा, स्क्रू, ड्रिल
वा तत्सम काहीही मारू नये.
'तत्सम' या शब्दावर श्रीरंग बराच वेळ थांबला.
मग त्याने सही केली.

चिकटवायचे हुक आणले. दोन किलो पेलतात म्हणे.
रात्री तीन वाजता नणंदेचे मण्यांचे राघू
धाडकन् टीव्हीमागे.
एकाचा डोळा अजून सापडतोय.

तेव्हापासून सगळी मंडळी जमिनीवर,
भिंतीला टेकून, ओळीने, दवाखान्यात बसल्यासारखी:
राघू,
कंपनीच्या कॅलेंडरातून कापलेली, काच लावलेली
कमळ हुंगणारी कुणी राजस्त्री,
जव्हारच्या बाईंनी शेणकाल्यावर काढलेलं झाड,
त्यावरून उलटी लोंबणारी मुलगी,
लेकीचं एलिमेंटरीचं वस्तुचित्र: कळशी, दोन कांदे, क श्रेणी
(कांदे खरंच चांगले आहेत),
आणि सासऱ्यांचं मिठागर.

सासरे सिडकोत आरेखक.
आठवडाभर प्लॉट आखायचे,
रविवारी सायकलने तिथेच जाऊन
जलरंगात काढायचे, प्लॉटच्या आधीचं.

मी झाडू मारते तेव्हा सगळ्यांना पाय वर घ्या म्हणावंसं वाटतं.
निमिष, पावणेदोन वर्षांचा, राजस्त्रीला बिस्कीट भरवतो.
काचेवर चिकट ओठ.
वाशीला ती इतकी उंच होती
की धूळ पुसायलाही स्टूल लागायचं.

एकदा गवार मोडत खाली बसले होते
आणि मिठागरात, डावीकडे, बांधावर
जो इतकी वर्षं बगळा होता
तो माणूस निघाला.
वाकलेला. हातात लांब फावडं.

बाथरूमची गळती बघायला घरमालक आले, मढवीकाका.
गळती बघितली. चहा नको म्हणाले.
जाता जाता थबकले, गुडघे कटकट वाजवत
उकिडवे बसले चित्रापुढे.
"यो आमचा आगर."
मी म्हटलं, तो माणूस कोण, ओळखता येतो?
"नाय. सगलेच असे वाकायचे."
आणि बोट काचेवर न टेकवता
बांधाबांधाने फिरवत नेलं थेट फ्रेमच्या बाहेर,
आमच्या फरशीवर, फ्रिजपर्यंत.
"हितपरयंत."

गेले. मला वाटलं गेले.
दहा मिनिटांनी हातोडी घेऊन परत,
तोंडात दीड इंची खिळा.
तिसऱ्या ठोक्याला बशीएवढा पापुद्रा पडला.
ते पंख्याकडे बघत राहिले.
मी केरसुणी आणली.
श्रीरंग म्हणाला, उजवीकडे जरा खाली आलंय.
मढवीकाका म्हणाले, "पानी तिकरंच जायाचं."

तसंच ठेवलं.

परवा करार नवा केला. भाडं पाचशेने वाढलं.
कलम नऊ होतं तसंच, 'तत्सम'सकट.
डिपॉझिटमधून पापुद्र्याचे कापणार का,
विचारायचं होतं, राहिलं.

बाकीची चौघं अजून खालीच.
मिठागर उठून गेलं त्या जागी, कांद्यांच्या पलीकडे,
आता निमिष बसतो
पाठ भिंतीला लावून, पाय लांब करून,
अजिबात न हलता,
कुणीतरी समोर येऊन
वाकून बघेपर्यंत.